रहस्यकथामालेचा शेवट आणि वाचकाची भावावस्था : मराठी रहस्यकथा व सिंधुदुर्गातील वाचनसंस्कृती यांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

दीर्घकाळ चाललेली रहस्यकथामाला संपते तेव्हा वाचकाच्या मनात जी हुरहूर, राग, पोकळी व अविश्वास यांची संमिश्र अवस्था निर्माण होते, तिचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. इंग्रजी व बंगाली साहित्यातील परिचित उदाहरणांच्या पार्श्वभूमीवर बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर आणि भा. रा. भागवत यांच्या कथामालांचा विचार येथे केला आहे. मराठीतील बहुतेक रहस्यकथामालांना जाहीर शेवट लाभला नाही; त्या विरत गेल्या. त्यामुळे वाचकाच्या निरोपाची भावना अव्यक्त राहिली आणि त्या अव्यक्ततेचा परिणाम या पुस्तकांच्या जतनावरही झाला, असे प्रतिपादन लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : रहस्यकथा, कथामाला, वाचकप्रतिसाद, सविकल्प समाधी, निरोप, ग्रंथजतन, सिंधुदुर्ग.

१. प्रास्ताविक

मराठी समीक्षेने रहस्यकथेकडे फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. 'रंजनपर', 'लोकप्रिय', 'प्रवासात वाचावयाचे' अशी विशेषणे लावून हा वाङ्मयप्रकार बाजूला ठेवण्याची प्रथाच पडली. वास्तविक ज्या वाचकांनी आयुष्यात पहिले पुस्तक स्वतःहून हाती घेतले ते रहस्यकथेचेच होते, अशी महाराष्ट्रातील वाचकसंख्या मोठी आहे. शालेय क्रमिक पुस्तक सक्तीने वाचले जाते. 'झुंजार'ची पुस्तिका मात्र सक्ती झुगारून, प्रसंगी क्रमिक पुस्तकात लपवून वाचली गेली. वाचनाची गोडी लावणाऱ्या या साहित्याचा वाचकाच्या भावजीवनाशी काय संबंध होता, हा प्रश्न म्हणूनच उपेक्षणीय ठरत नाही.

या व्यापक प्रश्नातील एकच अंग येथे विचारात घेतले आहे. एखादी कथामाला संपली म्हणजे वाचकाला नेमके काय वाटते? ते तसे का वाटते? आणि मराठी वाचकाच्या बाबतीत त्या भावनेला वेगळे वळण का लागले? या तीन प्रश्नांची उत्तरे क्रमाने शोधावयाची आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्याचा, विशेषतः मालवण-वेंगुर्ले किनारपट्टीचा, संदर्भ सोबत घेतला आहे. मुंबईत छापले गेलेले रहस्यसाहित्य चाकरमान्यांच्या हातून ज्या प्रदेशात पोहोचत राहिले त्यांपैकी हा एक प्रमुख प्रदेश होय.

२. दोन शेवट : कथेचा आणि मालेचा

रहस्यकथेची रचना समजून घेतल्याशिवाय तिच्या शेवटाने होणारा परिणाम समजणार नाही. त्स्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने १९६६ मध्ये रहस्यकथेच्या प्रकारांची चर्चा करताना असे दाखवून दिले की, या कथेत वस्तुतः दोन कथा असतात. पहिली गुन्ह्याची कथा असून ती प्रारंभापूर्वीच घडून गेलेली असते. दुसरी तपासाची कथा असून तीच आपण वाचत असतो. दुसरीच्या शेवटी पहिली उलगडते. अशा रीतीने रहस्यकथा वाचकाशी एक करार करते : कितीही गुंता असला तरी अखेरीस उत्तर मिळेल.

कथामालेत हा करार पुनःपुन्हा पाळला जातो. पन्नास पुस्तके वाचलेल्या वाचकाला पन्नास वेळा उत्तर मिळालेले असते. त्यामुळे मालेचा नायक हा त्याच्या दृष्टीने केवळ एक पात्र राहत नाही, तर जगात न्याय आहे आणि कार्यकारणभाव आहे याची तो एक हमी होतो. उंबेर्तो एको यांनी १९६२ मध्ये मालिकेतील नायकाच्या काळाविषयी मांडलेले निरीक्षण येथे उपयोगी पडते. असा नायक एकेक पराक्रम करतो, पण त्या पराक्रमाने तो 'खर्च' होत नाही. तो म्हातारा होत नाही, थकत नाही. पुढील कथेच्या आरंभी पुन्हा होता तेथेच उभा असतो.

यावरून एक महत्त्वाचा भेद लक्षात येतो. कथेचा शेवट वाचकाला हवा असतो. मालेचा शेवट त्याला नको असतो. कथेचा शेवट म्हणजे प्रश्नाचे उत्तर. मालेचा शेवट म्हणजे उत्तर देणाराच निघून जाणे. ज्या प्रकाराने वाचकाला सतत समाधानकारक समाप्तीची सवय लावली, त्याच प्रकाराची अखेरची समाप्ती असमाधानकारक ठरते. वाचकाच्या भावनेतील विशेष तीव्रता या विसंगतीतून येते, असे म्हणता येईल.

३. 'सविकल्प समाधी' आणि एकतर्फी जवळीक

पात्र काल्पनिक आहे हे ठाऊक असूनही वाचकाला दुःख का व्हावे? या प्रश्नाचे एक उत्तर मराठी साहित्यविचारातच उपलब्ध आहे. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपले स्वतःचे भान सोडत नाही. या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयाचा आनंद आहे, हा त्यांच्या विवेचनाचा आशय होय. रहस्यकथेच्या वाचकाला ही कल्पना चपखल लागू पडते. तो धनंजयाबरोबर गुन्ह्याच्या जागी उभा असतो, आणि त्याच वेळी आपण अंथरुणावर पडून कंदिलाच्या उजेडात वाचत आहोत हेही त्याला ठाऊक असते. 'हे खरे नाही' हे ज्ञान त्याच्या भावनेला रोखत नाही, फक्त तिला सुसह्य करते.

दुसरे उत्तर समाजशास्त्रीय आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये दूरचित्रवाणी व नभोवाणीच्या संदर्भात प्रेक्षक आणि पडद्यावरील व्यक्ती यांच्यातील एकतर्फी जवळिकीचे वर्णन केले. ही जवळीक वारंवारितेने वाढते; समोरची व्यक्ती आपल्याला ओळखत नाही, तरी आपण तिच्या सवयी, बोलण्याची लकब, आवडीनिवडी जाणत असतो. पुढे जोनाथन कोहेन यांनी २००३ च्या सुमारास अशी जवळीक तुटण्याचा स्वतंत्र विचार केला. २००४ मध्ये संपलेल्या 'फ्रेंड्स' या अमेरिकी मालिकेच्या प्रेक्षकांचा केरेन इयाल व कोहेन यांनी केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पात्राशी असलेली जवळीक जितकी दाट, तितकी शेवटानंतरची अस्वस्थता अधिक. मात्र प्रत्यक्ष नाते तुटण्यापेक्षा ती सौम्य, असा त्याचा निष्कर्ष आहे.

केळकरांची 'सविकल्पता' आणि या अभ्यासातील 'सौम्यता' यांत एक साम्य दिसते. भावना खरी असते, परंतु तिला भानाचे कुंपण असते. हे ध्यानात घेतले म्हणजे रहस्यकथामालेच्या वाचकाची हुरहूर हा बालिशपणा नसून वाचनव्यवहाराचाच एक स्वाभाविक परिणाम आहे, हे मान्य करावे लागते.

४. अन्य भाषांतील शेवटांचे प्रकार

कथामाला कोणत्या रीतीने संपते यावर वाचकाच्या प्रतिसादाचे स्वरूप अवलंबून असते. सोयीसाठी तीन परिचित प्रकार पाहू.

(अ) लेखकाने नायकाचा केलेला अंत : आर्थर कॉनन डॉईल यांनी डिसेंबर १८९३ मध्ये 'स्ट्रँड' मासिकात शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधील रायशेनबाख धबधब्यात लोटून दिले. वाचकांनी संतप्त पत्रे पाठविली. वीस हजारांवर वर्गणीदारांनी मासिक बंद केले असे सांगितले जाते. लंडनमधील तरुणांनी दंडाला काळ्या फिती बांधल्याची हकिकतही रूढ आहे. तिला समकालीन लेखी आधार मिळत नाही, पण ती रूढ व्हावी यातच लोकभावनेचा प्रत्यय येतो. येथील प्रधान भावना संतापाची आहे, कारण दोषी कोण हे वाचकाला ठाऊक आहे. डॉईल यांनी १९०१-०२ मध्ये पूर्वीच्या काळातील कथा म्हणून 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' लिहिली आणि १९०३ मध्ये होम्सला चक्क जिवंत परत आणले. होम्सच्या कथा त्यानंतर १९२७ पर्यंत चालू राहिल्या. कॉर्नवॉलमधील एका नावाड्याचा अभिप्राय स्वतः डॉईल यांनी नोंदविला आहे : होम्स त्या कड्यावरून पडला तेव्हा मेला नसेलही, पण पुढे तो पूर्वीचा राहिला नाही, असा त्याचा आशय. समुद्रकाठच्या एका साध्या वाचकाने केलेली ही समीक्षा अनेक विद्वानांच्या समीक्षेपेक्षा अचूक आहे. परत आलेला नायक वाचकाला आनंद देतो, परंतु एकदा झालेला वियोग पुसून टाकत नाही.

(आ) पूर्वनियोजित निरोप : अगाथा ख्रिस्ती यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच एर्क्यूल प्वारोची अखेरची कथा लिहून ठेवली होती. ती 'कर्टन' या नावाने १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. ६ ऑगस्ट १९७५ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने प्वारोच्या निधनाची वार्ता पहिल्या पृष्ठावर, खऱ्या व्यक्तीची द्यावी तशी, दिली. पुढच्याच जानेवारीत ख्रिस्ती यांचेही निधन झाले. येथे वाचकाला दुःख आहे, पण त्या दुःखाला आकार आहे. ज्या स्टाइल्सच्या वास्तूत प्वारोची पहिली कथा घडली तेथेच शेवटची घडते. वर्तुळ पूर्ण होते आणि शोक शांत होतो.

(इ) लेखकाच्या मृत्यूने खंडित झालेली माला : शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ पासून व्योमकेश बक्षीच्या कथा लिहिल्या. काही कथांनंतर व्योमकेशचा संसार थाटून देऊन ते थांबले. त्यानंतर जवळजवळ पंधरा वर्षे गेली आणि वाचकांची मागणी कायम आहे असे कळल्यावर १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी पुन्हा लेखणी हाती घेतली. हा उत्तरकाळ त्यांनी पुण्यात वास्तव्य करून व्यतीत केला, हे मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा 'विशुपाल वध' ही कथा अपुरीच होती. सत्यजित राय यांची १९६५ मध्ये सुरू झालेली फेलूदाची कथामालाही १९९२ मध्ये त्यांच्या निधनाने थांबली. या प्रकारात वाचक दुहेरी शोक करतो : लेखकाचा आणि त्याच्याबरोबर गेलेल्या नायकाचा. अपुरी कथा हे तर रहस्यकथेच्या कराराचे सर्वांत कठोर उल्लंघन होय. गुन्हा आहे, शोधक आहे, उत्तर मात्र कायमचे हरवले आहे.

५. मराठी रहस्यकथामाला : न झालेला शेवट

मराठीत वरील तीन प्रकारांपैकी एकही ठळकपणे आढळत नाही. बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६), मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्या विक्रमाची गिनेस बुकात नोंद झाली. झुंजार, काळा पहाड, धनंजय व त्याचा साथीदार छोटू ही त्यांनी निर्माण केलेली पात्रे. धनंजय हा रूढ अर्थाने गुप्तहेर, तर झुंजार आणि काळा पहाड हे कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुर्जनांना धडा शिकविणारे. एकाच लेखकाच्या अनेक माला समांतर चालत असल्याने वाचक आपापला नायक निवडीत असे आणि त्याच्याशी निष्ठा ठेवीत असे.

या मालांचा शेवट कोणता? झुंजार एखाद्या दरीत पडला नाही, काळा पहाडाच्या निधनाची वार्ता कोणत्याही वृत्तपत्राने दिली नाही. १९८० च्या दशकापर्यंत लेखन विरळ होत गेले आणि थांबले. जी पुस्तिका शेवटची ठरली तिच्यावर 'शेवटची' असे छापलेले नव्हते. वाचक पुढल्या पुस्तिकेची वाट पाहत राहिला आणि वाट पाहणेच हळूहळू विसरून गेला.

त्यानंतरच्या पिढीचे लेखक गुरुनाथ नाईक यांनीही हजाराहून अधिक रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. त्यांचा कॅप्टन दीप हा लष्करी शिस्तीचा नायक तरुण वाचकांत विशेष प्रिय होता. २०२१ मध्ये नाईक यांचे निधन झाले तेव्हा मृत्युलेखांतून कॅप्टन दीपचे नाव अनेकांनी वर्षांनुवर्षांनंतर प्रथमच उच्चारले. लेखकाच्या निधनाने वाचकाला नायकाच्या जाण्याची जाणीव झाली. नायक तत्पूर्वीच कधीतरी निघून गेलेला होता.

सुहास शिरवळकर (१९४८-२००३) यांचे उदाहरण थोडे वेगळे आहे. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, अमर विश्वास, फिरोज इराणी अशा नायकांच्या कथा लिहिता लिहिता ते सामाजिक कादंबरीकडे वळले. 'दुनियादारी'सारख्या कादंबरीने त्यांचा वाचक त्यांच्याबरोबर पुढे आला. येथे मालेचा वियोग लेखकाच्या विकासात सामावला गेला. वाचकाने नायक गमावला, पण लेखक राखला.

बालकुमारांच्या कथामालेत आणखी एक प्रकार दिसतो. भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा चुणचुणीत मुलगा वीस पुस्तकांत मुलगाच राहिला. येथे माला वाचकाला सोडून जात नाही, वाचकच वयाने पुढे जाऊन मालेला सोडतो. त्यामुळे येथील भावना शोकाची नसून स्मरणरंजनाची आहे. २०१७ च्या मराठी चित्रपटात फेणे तरुण झालेला दाखविला गेला आणि भा. रा. भागवत हे स्वतः एक पात्र म्हणून अवतरले (ती भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली), तेव्हा त्या प्रौढ वाचकांना आपले सुटलेले बालपणच भेटले असावे.

सारांश, मराठीतील प्रातिनिधिक शेवट हा 'विरून जाण्याचा' आहे. त्याची कारणे वाङ्मयीन कमी आणि सामाजिक अधिक आहेत. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि १९८० च्या दशकात दूरचित्रवाणी संच घरोघरी पोहोचले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने सुमारे अडीच लाख कामगारांचे जीवन उद्ध्वस्त केले. गिरणगावातील पाळीवरून परतणारा कामगार हा स्वस्त पुस्तिका भाड्याने नेणारा एक वाचक होता; त्याची रोजी गेली तेव्हा वाचनाची ही चैनही गेली असणार. वाचकवर्ग, फिरती वाचनालये आणि प्रकाशनव्यवहार एकाच काळात क्षीण झाले. नायकाला कोणी मारले नाही. त्याच्या पायाखालची जमीन सरकली.

६. सिंधुदुर्गातील वाचक आणि क्रमभंग

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला; त्यापूर्वी हा प्रदेश रत्नागिरी जिल्ह्यात होता. येथील घराघरांचा मुंबईशी असलेला संबंध सर्वश्रुत आहे. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत येई. पावसाळ्यात ही वाहतूक बंद पडे. चाकरमानी येत ते मुख्यतः मे महिन्यात आणि गणेशचतुर्थीला. त्यांच्या ट्रंकेतून कपडे, खाऊ यांच्याबरोबर वाटेत वाचून झालेल्या पुस्तिकाही येत. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर, वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय, मालवणचे नगर वाचन मंदिर यांसारख्या जुन्या ग्रंथालयांनी या भागात वाचनाची परंपरा राखली होतीच. तिला समांतर असा हा अनौपचारिक, हातोहात फिरणारा वाचनप्रवाह होता.

या प्रवाहाचे एक वैशिष्ट्य लेखाच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मुंबईच्या वाचकाला पुस्तिका प्रकाशनाच्या क्रमाने मिळत. किनाऱ्यावरच्या वाचकाला त्या पाहुण्याच्या येण्याच्या क्रमाने मिळत. एखादी जुनी पुस्तिका नव्यानंतर हाती येई. एखादी मुखपृष्ठाविना, तर एखादी शेवटची पाने गळालेली. साहजिकच माला 'पुढे सरकत आहे' ही जाणीवच येथे दुर्बळ होती. जो नायक वयाने वाढत नाही, त्याच्या कथा कोणत्याही क्रमाने वाचता येतात, हे एकोंनी सांगितलेले तत्त्व येथे परिस्थितीने सिद्ध केले. परिणामी मालेच्या शेवटाची तारीख या वाचकाला कधीच कळली नाही. मुंबईत लेखन थांबल्यावरही जुन्या पुस्तिका गावात फिरत राहिल्या. जे अद्याप वाचलेले नाही ते अस्तित्वात आहे, अशा समजुतीत हा वाचक दीर्घकाळ राहू शकला. क्रमभंगाने त्याचा वियोग लांबविला. पण निरोपाची संधीही हिरावून घेतली.

येथे या प्रदेशाच्या सांस्कृतिक सवयींचा विचार करणे उचित ठरेल. दशावतारी नाटकाचा प्रयोग रात्रभर चालतो आणि पहाटे दहिकाल्याने त्याची विधिपूर्वक सांगता होते. गणेशोत्सवात मूर्तीचे विसर्जन होते ते पुढल्या वर्षी लवकर येण्याचे आमंत्रण देऊनच. म्हणजे येथील लोकमानसाला शेवट परका नाही. विधीविना झालेला शेवट मात्र परका आहे. निरोप द्यावा, डोळे पाणवावेत आणि परतीची आशा मनात ठेवावी, ही येथील निरोपाची रीत आहे. रहस्यकथामालांच्या वाट्याला ही रीत आली नाही. या मालांचे विसर्जन झालेच नाही, असे रूपकाने म्हणता येईल.

याउलट, निरोपाचे स्थळ मिळाले म्हणजे लोक काय करतात, याचे उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. 'रात्रीस खेळ चाले' या मालवणी वळणाच्या गूढमालिकेचे चित्रीकरण कुडाळ तालुक्यातील आकेरी येथे झाले. २०१६ मध्ये पहिला भाग आला, पुढे २०१९ आणि २०२१ मध्ये आणखी दोन भाग सुरू झाले. नाईकांचा तो वाडा पाहण्यासाठी प्रेक्षक दूरदूरहून आले. कथा काल्पनिक, घर मात्र खरे. लंडनमधील बेकर स्ट्रीटच्या २२१ बी या पत्त्यावर होम्सच्या नावाने पत्रे येत राहिली आणि तेथील वित्तसंस्थेने त्यांना उत्तरे देण्यासाठी सचिव नेमला, त्याच मानसिक गरजेचे हे स्थानिक रूप होय. कथा संपली तरी जावयास एक जागा असावी, असे वाचक-प्रेक्षकाला वाटते. १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षे चाललेली 'सीआयडी' ही हिंदी मालिका २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. एप्रिल २०२५ मध्ये शिवाजी साटम यांनी साकारलेल्या एसीपी प्रद्युम्न यांचा मृत्यू दाखविला गेला, तेव्हा प्रेक्षकांनी तीव्र नापसंती दर्शविली आणि पुढे ते पात्र परत आणले गेले. रायशेनबाखचा धबधबा अद्याप आटलेला नाही, एवढाच याचा अर्थ.

७. अव्यक्त भावना आणि ग्रंथांचा ऱ्हास

वाचकाची भावना व्यक्त झाली तर तिचे मूर्त परिणाम होतात. होम्सच्या वाचकांच्या संतापामुळे होम्स परत आला. त्याच्या प्रेमिकांनी मंडळे स्थापन केली, आवृत्त्या जपल्या, टीपा लिहिल्या. व्योमकेशच्या वाचकांच्या आग्रहामुळे कथामाला पुन्हा सुरू झाली, आणि १९९३ मध्ये बासू चटर्जी यांच्या दूरदर्शन मालिकेमुळे ती मराठी घरांतही पोहोचली. मराठी रहस्यकथेच्या वाचकाजवळ प्रेम कमी नव्हते. परंतु ते व्यक्त करण्यात त्याला दोन अडचणी होत्या. एक, शेवट जाहीर न झाल्याने व्यक्त होण्याचा प्रसंगच आला नाही. दुसरी, हे वाचन कमी प्रतीचे आहे अशी शिकवण घरातून, शाळेतून आणि, खेदाने म्हणावे लागते, महाविद्यालयातूनही त्याला मिळालेली होती. ज्या वाचनाची लाज वाटावयास शिकविले, त्या वाचनाचा शोक उघडपणे कोण करणार?

या मौनाची किंमत पुस्तकांनी मोजली आहे. हलक्या कागदावर छापलेल्या, तारेच्या टाचणीने बांधलेल्या या पुस्तिका दमट सागरी हवेत टिकणे आधीच कठीण. ग्रंथालयात जीर्ण पुस्तकांच्या निर्लेखनाची वेळ आली म्हणजे ज्यांच्या बाजूने कोणी बोलत नाही ती पुस्तके प्रथम जातात. एका लेखकाची हजाराहून अधिक पुस्तके, आणि त्यांचा एकत्रित संच पाहावयाचा म्हटले तर तो कोठे पाहावा असा प्रश्न पडावा, ही स्थिती भूषणावह नाही. बुद्धिप्रामाण्य, नागरी भय, कायद्यावरचा विश्वास आणि अविश्वास, स्त्रीप्रतिमा, मुंबईचे बदलते रूप अशा कितीतरी विषयांच्या अभ्यासासाठी ही सामग्री समाजशास्त्र, इतिहास व भाषाभ्यास या तिन्ही विभागांना उपयुक्त आहे.

या दृष्टीने महाविद्यालयीन अध्यापकांना काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. पहिली, निर्लेखनापूर्वी रहस्यकथांच्या पुस्तिकांची स्वतंत्र यादी करून शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष व मालेचे नाव यांची नोंद ठेवणे. दुसरी, पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून प्रकल्पाच्या रूपाने ज्येष्ठ वाचकांच्या वाचनस्मृती ध्वनिमुद्रित करून घेणे. त्या मालवणीत सांगितल्या गेल्या तर मालवणीतच जतन करणे. तिसरी, घरोघरच्या माळ्यांवर उरलेल्या पुस्तिका जिल्ह्यातील एखाद्या ग्रंथालयात एकत्र आणून त्यांच्या अंकीय प्रती करणे. अर्थात स्वामित्वहक्काची मर्यादा पाळूनच. यांपैकी दुसरे काम विलंब सहन करणारे नाही. झुंजारच्या नव्या पुस्तिकेची वाट पाहिलेली पिढी आज सत्तरी ओलांडून गेली आहे.

८. निष्कर्ष

१. रहस्यकथामालेच्या शेवटी होणारे दुःख हे काल्पनिकाला खरे समजल्यामुळे होत नाही. प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळेल असा विश्वास ज्या आधारावर उभा होता तो आधार निघून गेल्यामुळे ते होते.

२. शेवटाच्या रीतीनुसार भावना बदलते. लेखकाने केलेल्या अंतामुळे संताप, पूर्वनियोजित निरोपामुळे शांत शोक, लेखकाच्या मृत्यूमुळे दुहेरी शोक, आणि विरून जाण्यामुळे उशिरा जाणवणारी पोकळी निर्माण होते.

३. मराठीत चौथा प्रकार प्रातिनिधिक आहे आणि त्यामागे १९८० च्या दशकातील सामाजिक स्थित्यंतरे आहेत.

४. सिंधुदुर्गासारख्या प्रदेशात पुस्तिका क्रमाने न पोहोचल्यामुळे मालेचा शेवट आणखी अस्पष्ट झाला.

५. भावना अव्यक्त राहिल्याने पुस्तकांच्या रक्षणासाठी वाचकांचा आवाज उभा राहिला नाही.

वाचकाने ज्या नायकाला निरोप दिला नाही, त्याला निरोप देण्याचे काम आता अभ्यासकाकडे आले आहे. यादी करणे, आठवणी ऐकून घेणे, पुस्तिका जपणे ही कामे कोरडी भासतील. परंतु मराठी रहस्यकथामालांच्या वाट्याला न आलेली सांगता त्यांतूनच घडू शकेल, आणि सांगता झालेली कथाच पुढल्या पिढीच्या हाती सोपविता येते.